नस कोणती ते लिहून द्या: रुग्णालयांचे नियम ठरवणाऱ्यांना आणि चेतासंशोधनाला निधी देणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
रुग्णालयांच्या अपघात विभागांचे नियम ठरवणारे आणि चेतापेशींवरील संशोधनाला सरकारी निधी देणारे सर्व जबाबदार अधिकारी यांस,

महोदय, महोदया,

सादर नमस्कार. मी गेली बावीस वर्षे कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते. हातापायाच्या जखमेत चेता (संवेदनेचे आणि हालचालीचे संदेश नेणारी दोरी, इंग्रजीत नर्व्ह) तुटलेले किती रुग्ण वर्षाला येतात, आणि त्यांपैकी कितींवर किती दिवसांत शस्त्रक्रिया होते, असे दोनच प्रश्न मी अर्जाद्वारे विचारले होते. गेल्या महिन्यात आपल्यापैकी एका कार्यालयाकडून दोन ओळींचे उत्तर आले. पहिली ओळ अशी की अशी वेगळी नोंद ठेवली जात नाही. दुसरी अशी की यासाठी स्वतंत्र सूचना काढण्याची आवश्यकता सध्या वाटत नाही. पहिली ओळ मी समजू शकते, कारण नोंद न ठेवणे ही आपली जुनी सवय आहे. दुसरी ओळ मात्र मला मान्य नाही, आणि ती का मान्य नाही हे सगळ्यांच्या समोर सांगावे म्हणून हे पत्र उघड लिहीत आहे.

तीन वर्षांपूर्वी फेब्रुवारीतल्या एका शनिवारी माझा धाकटा भाऊ एका गोठ्याच्या शेडवर पत्रे चढवत होता. त्याचे फॅब्रिकेशनचे छोटे वर्कशॉप आहे. गेट, ग्रिल, शेड अशी कामे तो पंधरा-सोळा वर्षे करत आला आहे. दोरीला बांधलेला पत्रा वाऱ्याने फिरला आणि त्याची कड उजव्या दंडाच्या आतल्या बाजूला, कोपराच्या चार बोटे वर, लागून गेली. जखम लांबीला फार नव्हती, पण खोल होती आणि रक्त बरेच गेले. जवळच्या रुग्णालयात त्याला भुलीचे इंजेक्शन दिले, जखम धुतली, टाके घातले. त्या रुग्णालयाचे नाव मी लिहीत नाही, कारण माझी तक्रार एका इमारतीबद्दल नाही, आणि तिथल्या डॉक्टरांनी रक्तस्राव वेळेत थांबवला हेही तितकेच खरे आहे. बाहेर येऊन ते आम्हाला म्हणाले, "नस कापली होती, शिवून टाकली आहे. काळजीचे कारण नाही."

या 'नस' शब्दापायी आमचे नऊ महिने गेले.

मराठीत बोलताना आपण रक्तवाहिनीला नस म्हणतो आणि चेतेलाही नसच म्हणतो. सलाईन लावताना परिचारिकेला सापडत नाही ती नस रक्ताची. कंबरेत दबते आणि पाय मुंग्यांनी भरून जातो ती नस संवेदनेची. डॉक्टरांनी बंद केली होती ती रक्ताची नस. तिच्या शेजारून जाणारी अल्नर चेता, म्हणजे कोपर कशावर आपटले की करंगळीपर्यंत झिणझिण्या नेणारी ती दोरी, त्याच जखमेत तुटून पडली होती, आणि तिच्यावर कातडी शिवली गेली होती. करंगळी बधिर आहे असे भावाने त्याच दिवशी सांगितले, तेव्हा भूल उतरली की येईल असे उत्तर मिळाले. टाके काढताना सूज उतरली की येईल असे सांगण्यात आले. पुढे महिनाभराने जीवनसत्त्वाच्या गोळ्या लिहून दिल्या गेल्या. नस शिवलेली आहे, आता वाट पाहायची, असे आम्ही घरात धरूनच चाललो होतो. दरवर्षी फळ्यावर चेतापेशीची आकृती काढणाऱ्या माझ्याही लक्षात काही आले नाही, हे मी लपवत नाही.

जूनमध्ये वेल्डिंग करताना गरम तुकड्यावर त्याची करंगळी टेकली. हातमोज्याच्या कापडावर पिवळा डाग दिसला, तेव्हा फोड येऊन फुटल्याचे त्याला समजले. ऑगस्टमध्ये कुष्ठरोग सर्वेक्षणासाठी घरोघर फिरणारे एक कर्मचारी आमच्या दारात आले. भावाच्या हाताकडे त्यांचे लक्ष गेले. त्यांनी खिशातले बॉलपेन काढले, भावाला डोळे मिटायला सांगितले आणि पेनच्या टोकाने एकेका बोटाला हलकेच स्पर्श करत "कुठे लागले?" असे विचारत गेले. करंगळी आणि अनामिकेची अर्धी बाजू यांवर भाऊ गप्प राहिला. मग त्यांनी अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये कागदाचा तुकडा धरायला दिला आणि ओढला; कागद सुटू नये म्हणून भावाचा अंगठा पेरात वाकला. कुष्ठरोगात कोपरामागची चेता जाड होऊ शकते, म्हणून ती त्यांनी बोटाने चाचपली; ती जाड नव्हती. वर जखमेचा वण दिसला. "हा कुष्ठरोग नाही, बाई. यांची चेता वर तुटली आहे," असे ते म्हणाले. या सगळ्याला दोन-तीन मिनिटे लागली असतील, आणि साहित्य म्हणाल तर एक पेन व एक कागद.

त्यानंतर नर्व्ह कंडक्शन तपासणीची (चेतेतून संदेश किती वाहतो हे मोजणाऱ्या तपासणीची) तारीख मिळायला सहा आठवडे, शहरातल्या शल्यविशारदांची वेळ मिळायला आणखी काही, असे करत नोव्हेंबर उजाडला. चेतेची दोन टोके इतकी मागे सरकली होती की ती थेट जोडता येईनात. घोट्यामागून पोटरीकडे जाणारी एक संवेदी चेता काढून तिचे तुकडे मध्ये शिवावे लागले. आता पायाच्या बाहेरच्या कडेला त्याला स्पर्श नीट कळत नाही. हाताचे ऋण पायाने फेडले, असे तो स्वतःच हसून सांगतो.

या नऊ महिन्यांचे महत्त्व आपल्याला कळावे म्हणून चेता पुन्हा कशी वाढते हे थोडक्यात सांगते. आपल्यापैकी बरेच जण हे जाणतात. पण आपल्या सूचनापत्रकांत ते कुठे दिसत नाही.

१८५० मध्ये लंडनमध्ये ऑगस्टस वॉलर यांनी बेडकाच्या जिभेकडे जाणाऱ्या चेता कापून पाहिल्या आणि पेशीपासून तुटलेला पलीकडचा भाग विरघळत जातो असे दाखवले. पेशीचे मूळ शरीर पाठीच्या कण्यात किंवा त्याच्या शेजारी असते, आणि हाताच्या बोटापर्यंत पोचलेला अक्षतंतू हा त्या एकाच पेशीचा हातभर लांबीचा धागा असतो; मुळापासून तुटले की पुढचे सगळे मरते. मरत नाहीत त्या धाग्याला लपेटून बसलेल्या पेशी, ज्यांना थिओडोर श्वान यांच्या नावावरून श्वान पेशी म्हणतात. (हे नाव घेतले की माझा वर्ग दरवर्षी हसतो. मी हसू देते, कारण मग ते लक्षात राहते.) या श्वान पेशी मायलिन, म्हणजे धाग्यावरचे वेष्टण, बनवण्याचे काम सोडतात, मोडतोड साफ करायला मदत करतात आणि रांगेने उभ्या राहून नव्या धाग्यासाठी वाट तयार करतात. धाग्याच्या टोकाशी सतत चाचपडणारा, पसरणारा आणि आकसणारा एक भाग असतो. स्पेनच्या सान्तियागो रामोन इ काहाल यांनी तो १८९० मध्ये कोंबडीच्या भ्रूणात ओळखला, आणि १९०७ मध्ये अमेरिकेच्या रॉस हॅरिसन यांनी बेडकाच्या भ्रूणातल्या पेशी लसिकेच्या (लिंफ या शरीरद्रवाच्या) थेंबात ठेवून असा धागा जिवंतपणी वाढताना प्रत्यक्ष पाहिला.

मात्र ही वाढ फार सावकाश होते. माणसात ती साधारण दिवसाला एक मिलिमीटर धरली जाते. १९४८ मध्ये पॉल वाइस आणि हेलन हिस्को यांनी चेतेला बारीक कडे घालून दाखवले की पेशीच्या मूळ शरीरात तयार झालेला माल धाग्यातून पुढे सरकतो, आणि तोही जवळपास याच गतीने. धागा बांधायला लागणारी प्रथिने मुळातूनच यावी लागतात, म्हणून गोळ्यांनी किंवा मालिशने हा वेग वाढत नाही.

दुसरीकडे स्नायू आणि श्वान पेशी अनंत काळ थांबत नाहीत. चेता न पोचलेला स्नायू झिजत जातो, आणि साधारण बारा ते अठरा महिन्यांनंतर धागा पोचला तरी त्याला तिथे काम करण्याजोगे फारसे उरलेले नसते. रांगेने उभ्या राहिलेल्या श्वान पेशीही काही महिन्यांनी विरळ होत जातात.

आता माझ्या भावाच्या हाताचा हिशेब करू. जखमेपासून तळहातातल्या शेवटच्या लहान स्नायूपर्यंतचे अंतर टेपने मोजले तर अडतीस सेंटिमीटर भरते. म्हणजे ३८० दिवस, आणि शिवण ओलांडायला जाणारा साधारण महिना धरला तर ४१०. पहिल्याच आठवड्यात चेता जोडली असती तर साडेतेरा महिन्यांत धागा पोचला असता. वेळ काठावरचीच होती, पण हातातली होती. त्यात वाया गेलेले २७० दिवस मिळवले की होतात ६८०, म्हणजे साडेबावीस महिने. हे गणित सहावीतला मुलगा करू शकतो. मनगटाजवळची दुसरी चेता वळवून हाताच्या स्नायूंना जवळून जोडण्याची शस्त्रक्रियाही असते, परंतु नऊ महिन्यांनंतर तिचाही भरवसा देता येणार नाही, असे शल्यविशारदांनी स्पष्ट सांगितले.

शस्त्रक्रियेनंतर दर रविवारी सकाळी आम्ही दोघे ओसरीवर बसत असू. १९१५ मध्ये फ्रान्सच्या ज्यूल टिनेल यांनी, युद्धात जखमी झालेल्या सैनिकांना तपासताना, एक साधी गोष्ट नोंदवली: वाढत्या चेतेच्या टोकावर बोटाने टकटक केले की रुग्णाला पुढच्या भागात झिणझिण्या जाणवतात. मी भावाच्या हातावर वरून खाली बोट टेकवत जाई आणि "इथे!" असे तो म्हणाला की बॉलपेनने खूण करी. खुणा अंघोळीत धुऊन जात, म्हणून कोपराच्या हाडापासूनचे अंतर माझ्या जुन्या प्रॅक्टिकलच्या वहीत लिहून ठेवू लागलो. पहिले कित्येक रविवार काहीच नव्हते. नंतर आठवड्याला पाच, सात, कधी नऊ मिलिमीटर अशी खूण खाली सरकू लागली. उन्हाळ्यात त्याची करंगळी आणि अनामिका पूर्वीपेक्षा जास्त आत वळू लागल्या, तेव्हा आई रडायला लागली. हात बिघडत चालला आहे असे आम्हा सर्वांना वाटले. खरे पाहता ती प्रगती होती: बोटे वाकवणारे कोपर आणि मनगट यांच्यामधले स्नायू आधी जागे झाले होते आणि त्यांना तोलणारे तळहातातले स्नायू अजून झोपलेले होते. हेसुद्धा आम्हाला आधी कोणी सांगितले नव्हते.

तळहातातले ते स्नायू जागे झालेच नाहीत. करंगळीला स्पर्श आला, जरासा रबरी, पण गरम-गार कळते. पत्रा कापायची कातर त्याच्याकडून दाबली जात नाही. वर्कशॉपमध्ये आता मोजमाप तो घेतो आणि कातर पुतण्या चालवतो. गेल्या वर्षी त्याच्या एका स्नायूची कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारा दोर) वळवून बोटे सरळ करण्याची शस्त्रक्रिया झाली. या प्रकारच्या शस्त्रक्रियांना आपल्याच देशात, वेल्लोरला, डॉ. पॉल ब्रँड यांनी कुष्ठरुग्णांच्या वळलेल्या हातांसाठी आकार दिला. म्हणजे माझ्या भावाचे निदानही कुष्ठरोगाच्या कार्यकर्त्याने केले आणि उपायही कुष्ठरोगाच्या वाटेनेच आला.

एवढे सांगितल्यावर आता तक्रारी मांडते.

पहिली तक्रार तपासणीची आहे. हाताची किंवा पायाची खोल जखम घेऊन आलेल्या माणसाला भूल देण्यापूर्वी त्याची संवेदना आणि बोटांची हालचाल पाहणे बंधनकारक असल्याचे मला कुठे दिसले नाही. भूल दिल्यानंतर ही तपासणी निरर्थक ठरते, कारण बधिरपणा चेता तुटल्याचा की औषधाचा हे कळायला मार्ग उरत नाही. वैद्यकीय अभ्यासक्रमात ही तपासणी आहे, हे मला ठाऊक आहे. गर्दीच्या विभागात एकटा कनिष्ठ डॉक्टर रात्री दोन वाजता रक्त थांबवू पाहत असतो तेव्हा अभ्यासक्रमातले काय आठवेल, हे त्याच्या समोरच्या कागदावर काय छापलेले आहे यावर अवलंबून असते. आज त्या कागदावर नाडी आणि रक्तदाबाला रकाना आहे, चेतेला नाही.

दुसरी तक्रार भाषेची. ती वर सविस्तर आली आहे, म्हणून पुन्हा लिहीत नाही. एवढेच सांगते की भावाला घरी पाठवताना दिलेल्या कार्डावर इंग्रजीत जे लिहिले होते त्यात चेतेचा उल्लेखच नव्हता, आणि तोंडी जे सांगितले गेले त्यात दोन अर्थ निघत होते. लेखी आणि तोंडी या दोन्हींच्या मधल्या फटीत एक हात गेला.

तिसरी तक्रार वाट पाहायला सांगण्याची. मी इथे न्यायाने बोलू इच्छिते. प्रत्येक चेतेची इजा म्हणजे शस्त्रक्रिया नव्हे. हर्बर्ट सेडन यांनी १९४३ मध्ये इजेचे तीन प्रकार पाडले: चेता शाबूत पण काही काळ मूक, आतले धागे तुटलेले पण आवरण टिकलेले, आणि सगळेच तुटलेले. पहिल्या दोन प्रकारांत थांबणे हाच बहुधा योग्य उपचार असतो. म्हणून मुका मार लागलेल्याला "थांबा" सांगणारा डॉक्टर चुकत नाही. पण धारदार वस्तूने खोल कापले असेल आणि पलीकडे बधिरपणा असेल, तर तुटल्याचे गृहीत धरून उघडून पाहावे हा शल्यशास्त्रातला जुना दंडक आहे, आणि तिथे थांबायला सांगणे म्हणजे रुग्णाचे दिवस खर्च करणे होय. थांबायला सांगायचे तर कधीपर्यंत, कोणत्या तारखेला पुन्हा यायचे आणि तोपर्यंत काय परत यायला हवे, हे लिहून दिले पाहिजे. मोटारसायकलवरून पडून मानेपासून हाताकडे जाणाऱ्या चेतांचे जाळे ताणले किंवा उपटले गेलेली तरुण मुले तर याहून वाईट अवस्थेत असतात. त्यांना काही महिन्यांच्या आत योग्य ठिकाणी पोचणे भाग असते, आणि कोयत्याने हात कापलेल्या ऊसतोड कामगाराला हंगाम संपेपर्यंत पोचायला सवडच नसते.

या वाट पाहण्याच्या काळात आमच्याकडेही एक गृहस्थ आले होते. मूळपेशींच्या (ज्यांपासून इतर पेशी तयार होऊ शकतात अशा पेशींच्या) तीन इंजेक्शनांत चेता नवी येईल असे त्यांच्या रंगीत पत्रकात लिहिले होते, आणि आकडा लाखांतला होता. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि जैवतंत्रज्ञान विभाग यांच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार रक्ताच्या ठरावीक विकारांसाठी होणारे प्रत्यारोपण वगळता मूळपेशींचा वापर केवळ रीतसर मान्यता घेतलेल्या चाचण्यांतच करता येतो, आणि चाचणीसाठी रुग्णाकडून पैसे घ्यायचे नसतात. मला हे शोधता आले. ज्यांना येत नाही ते शेत गहाण टाकतात.

चौथी तक्रार संशोधनाबद्दल आहे, आणि ती आपल्यापैकी निधी देणाऱ्यांना उद्देशून आहे. कॅनडाच्या टेसा गॉर्डन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० मध्ये उंदरांमध्ये दाखवले की चेता शिवल्यावर लगेच तासभर, सेकंदाला २० स्पंदने या गतीने, सौम्य विद्युतप्रवाह दिला तर धागे शिवण लवकर ओलांडतात. पुढे मनगटात दबलेली चेता मोकळी करण्याच्या शस्त्रक्रियेनंतर आणि बोटातली चेता शिवल्यानंतर माणसांवरही लहान चाचण्या झाल्या व फायदा दिसला. यासाठी लागणारे यंत्र महागड्या यंत्रांपैकी नाही. जखमांची संख्या पाहता अशी चाचणी मोठ्या प्रमाणावर करायला आपल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांइतकी योग्य जागा दुसरी कोणती? पण चाचणी करायची तर आधी रुग्ण किती आणि कधी येतात हे माहीत हवे, आणि त्याची नोंद ठेवण्याची तर आवश्यकता वाटत नाही!

आपल्याकडे मूलभूत काम होत नाही असे कोणी म्हणू नये. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत चेतातंतूच्या आत माल कसा वाहून नेला जातो यावर, पुण्याच्या आयसर या विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेत वाढते टोक वाट कशी शोधते यावर, मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रात तुटलेला अक्षतंतू पुन्हा कसा वाढतो यावर अभ्यास होत आला आहे. मुंबईत डॉ. नोशीर अंतिया यांनी स्थापन केलेल्या फाउंडेशन फॉर मेडिकल रिसर्चमध्ये कुष्ठरोगाचा जंतू आणि श्वान पेशी यांच्या नात्यावर काम झाले. ते स्वतः शल्यविशारद होते. हात दुरुस्त करणारा माणूस पेशीचाही विचार करत होता. हा दुवा मला आज क्वचित दिसतो. प्रयोगशाळा आणि अपघात विभाग एकाच शहरात असतात आणि एकमेकांचा पत्ता त्यांना माहीत नसतो.

माझी एक माजी विद्यार्थिनी एका संस्थेत पीएच.डी. करते. ती सी. एलिगन्स नावाच्या पारदर्शक कृमीच्या चेतापेशींवर काम करते. या कृमीत अवघ्या ३०२ चेतापेशी असतात; लेसरच्या किरणाने त्यातला एकच धागा कापायचा आणि तो पुन्हा वाढतो का हे सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचे, ही पद्धत २००४ मध्ये प्रथम प्रसिद्ध झाली. २००९ मध्ये डीएलके-१ नावाचे प्रथिन नसेल तर तो धागा वाढू शकत नाही असे आढळले, आणि त्याच कुळातले प्रथिन पुढे उंदरांच्या चेतांतही तितकेच गरजेचे ठरले. तो सबंध कृमी असतो साधारण एक मिलिमीटर लांबीचा, म्हणजे माझ्या भावाच्या चेतेच्या एका दिवसाएवढा. ही मुलगी दिवाळीला घरी आली तेव्हा तिची शिष्यवृत्ती पाच महिने जमा झाली नव्हती आणि ती संध्याकाळी शिकवण्या घेत होती. ताटलीवरचे जिवाणू संपले की कृमी उपाशी राहतात आणि उपाशी कृमीवर केलेला प्रयोग टाकून द्यावा लागतो, म्हणून शिकवणी संपल्यावर रात्री दहाला ती पुन्हा प्रयोगशाळेत जाई. मंजूर झालेले पैसे पाच महिने का अडावेत याचे कारण तिला कोणी सांगितले नव्हते.

यावरून माझ्या मागण्या पुढीलप्रमाणे आहेत. त्यांतल्या बहुतेकांना पैसा लागत नाही, कागद लागतो.

हातापायाच्या प्रत्येक खोल जखमेत, भूल देण्यापूर्वी, चेतेची संवेदना आणि हालचाल तपासून केसपेपरवर त्यासाठी छापलेल्या रकान्यात नोंदवावी. रुग्ण बेशुद्ध असेल किंवा रक्तस्राव जीवघेणा असेल तर "तपासता आले नाही" असे लिहावे आणि दुसऱ्या दिवशी तपासावे.

घरी पाठवण्याच्या कार्डावर मराठीत 'रक्तवाहिनी' आणि 'चेता' हे दोन शब्द वेगळे छापावेत, आणि कोणत्यावर काय केले ते त्यांच्यापुढे लिहावे. नुसते 'नस' लिहू नये. बोलतानाही रक्ताची नस की संवेदनेची नस, हे सांगण्याची सवय लावावी.

धारदार जखमेत चेता तुटल्याचा संशय आला तर रुग्णाला तीन दिवसांच्या आत चेताशस्त्रक्रिया होणाऱ्या ठिकाणी पाठवावे, आणि अशी ठिकाणे कोणती याची जिल्हावार यादी प्रत्येक अपघात विभागाच्या भिंतीवर लावावी. मुका मार असेल तर फेरतपासणीची तारीख लेखी द्यावी. नर्व्ह कंडक्शन तपासणीच्या रांगेत अशा रुग्णांना वेगळे स्थान असावे.

कुष्ठरोग कार्यक्रमातल्या अनुभवी कर्मचाऱ्यांकडून अपघात विभागातल्या डॉक्टरांना आणि परिचारिकांना चेता तपासण्याचे अर्ध्या दिवसाचे प्रशिक्षण द्यावे. जगातल्या नव्या कुष्ठरुग्णांपैकी निम्म्याहून अधिक अजूनही भारतात सापडतात, त्यामुळे हे ज्ञान असलेली माणसे आपल्याकडे आहेत. ती कनिष्ठ पदावर आहेत म्हणून त्यांच्याकडून शिकायला कोणाला कमीपणा वाटू नये.

चेतेच्या इजांची नोंदवही सुरू करावी: इजा झाल्याची तारीख, ओळखल्याची तारीख, शस्त्रक्रियेची तारीख. सुरुवातीला या तीन तारखा पुरे आहेत. त्यांच्यामधले अंतर दरवर्षी प्रसिद्ध करावे.

विद्युत-उत्तेजनाची बहुकेंद्री चाचणी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत घेण्यासाठी निधी जाहीर करावा, आणि त्यात चेतापेशींवर काम करणाऱ्या एका तरी प्रयोगशाळेचा सहभाग अट म्हणून ठेवावा. मंजूर शिष्यवृत्ती दर महिन्याच्या ठरलेल्या तारखेला जमा व्हावी. उशीर झाला तर त्याचे कारण विद्यार्थ्याला लेखी कळवावे.

मूळपेशींच्या नावाने चेता उगवून देण्याची जाहिरात करणाऱ्यांवर कारवाई करण्यासाठी तक्रार कुठे करायची, हे एका ओळीत, मराठीत, प्रत्येक रुग्णालयाच्या दर्शनी भागात लिहावे.

माझ्या भावाच्या नोंदींची वही मी सांभाळून ठेवली आहे. तिच्यात शस्त्रक्रियेनंतरचे चौऱ्याऐंशी रविवार आहेत, आणि शेवटच्या अकरा नोंदींत खूण एकाच जागी, मनगटाच्या दोन बोटे पुढे, थांबलेली आहे. आपल्यापैकी कोणाला ती पाहायची असेल तर मी ती घेऊन येईन. या पत्राला आपले उत्तर पुन्हा दोन ओळींचे आले तरी माझी हरकत नाही; त्यातल्या एका ओळीत केसपेपरवरचा तो रकाना कोणत्या तारखेपासून छापला जाईल हे मात्र असावे.

कळावे,
आपली विश्वासू,
जीवशास्त्राची एक शिक्षिका